शून्याचा रकाना

कुडतरीच्या तळ्याखाली जुन्या भाटात
आम्ही अकरा जण राहतो.
फाटकाच्या आतल्या भिंतीवर आमचे नियम,
चौथा माझ्या अक्षरात: फ्रिज नको.
तेव्हाच्या उत्साहात त्याखाली दोन रेघा.

नऊ वर्षं टिकला.
उरलेला भात रात्री पाण्यात, सकाळी त्याचीच पेज.
दूध त्या दिवसाचं त्या दिवशी.
मासे खाणारे तिघे बाजारात उभ्या उभ्या ठरवत
आज आपल्याला किती भूक लागणार आहे.

मग सेहेचाळिसाव्या वर्षी
माझ्या रक्तात साखर निघाली.
घरात गूळसुद्धा मोजून, तरी.
डॉक्टर म्हणाल्या, इन्सुलिन थंड ठेवा, दोन ते आठ अंश.
मी विचारलं, कशात?
त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली
आणि चष्मा काढून पाहिलं.

बैठक बसली. आमची बैठक म्हणजे
शेवटचा माणूस हो म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही.
ऐनुलने घड्यात घडा बसवला, मधे ओली वाळू.
राजस्थानात चालतं, म्हणाला.
चालत असेल.
इथे मे महिन्यात हवेतच इतकं पाणी
की घड्यातल्या पाण्याला उडून जायला जागा नाही.
तापमापी सत्तावीसवर बसून राहिली,
एकमताची वाट बघत.

सुकन्या म्हणाली, नियम खोडूया.
मीच नको म्हणालो.
अभिमान, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी गडगा ओलांडून
पिदादबायकडे गेलो.
तिच्या फ्रिजचं दार सुतळीने बांधलेलं.
आत बांगडे, अर्धं कलिंगड, रविवारचं सोरपोतेल,
नातवाचं चॉकलेट, त्याला सापडू नये म्हणून भोपळ्यामागे.
अंड्यांच्या खणातल्या शेवटच्या खळग्यात
तिने माझी कुपी उभी केली.
‘हें तुजें तांतीं,’ म्हणाली,
‘फोडूंक नाका.’

बदल्यात काय देऊ?
तिने बोट केलं आमच्या मागच्या छपरीकडे,
जिथे अकरा जणांचं वर्षभराचं
भुश्याखाली, राखेखाली कुजून काळं होतं,
वास जातो, माती होते.
सोनखत. दोन गोणी.
आता तिच्या मिरच्या गडग्यावरून डोकावतात,
कशाच्या जोरावर, ते ती इगर्जीत कुणाला सांगत नाही.

शनिवारी पाहुणे येतात.
वैजू त्यांना वही दाखवते:
सरकारी वीज, युनिट, शून्य.
त्याखाली शून्य, त्याखाली शून्य,
एकाखाली एक, शिडी उतरल्यासारखी.
पाहुणे त्या पानाचा फोटो काढतात.
वही मीच लिहितो.
माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात.

रात्री सौरदिवे मालवले
आणि तळ्यातले बेडूक मधेच दम घ्यायला थांबले
की ऐकू येतं:
पलीकडे तिची जुनी मोटर धडधडत उठते,
सगळी भांडी एकदा थरथरवते,
गप्प होते.

शेवटी बैठकीत सांगून टाकलं.
कुणी रागावलं नाही, तेच जड गेलं.
ठरलं की तिचं अर्धं बिल आपण भरायचं.
मी पैसे घेऊन गेलो तर हसत सुटली.
‘बील म्हजो पूत भरता. कुवेतांत आसा तो.’
काय करतो तिथे?
‘तेलाच्या कंपनींत.’

चौथ्या नियमाखालच्या दोन रेघांवर
पावसाळ्यात शेवाळ आलं होतं.
मी नखाने खरवडलं थोडं,
मग हात धुतले, सुई टोचली, जेवलो.

आज संध्याकाळी गडग्यावरून तिची हाक आली:
फाल्यां धा ते चार करंट ना रे,
तुमगेर बर्फ आसा?